संदेशाचा क्षय : प्रकाशसंश्लेषी जीवाणूंच्या जनुकनियंत्रणाचा एक उपेक्षित इतिहास आणि झाडीपट्टीतील बांधी

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा हा प्रदेश वनांसाठी जेवढा ओळखला जातो, तेवढाच धान आणि तलावांसाठीही ओळखला जातो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या तालुक्यांपासून वैनगंगेपलीकडील आरमोरी, कुरखेडा, चामोर्शीपर्यंत पावसाळ्यात बांध्या भरतात, पऱ्हे उपटून रोवणी होते आणि थोड्याच दिवसांत साचलेल्या पाण्यावर व चिखलावर हिरवट-निळसर शेवाळ धरू लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शेवाळ आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने त्यातील बराच भाग जीवाणूंचा आहे. ज्यांना पूर्वी नील-हरित शैवाल म्हणत आणि आता सायनोबॅक्टेरिया म्हणतात, त्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंचा.

या जीवाणूंचा अभ्यास विसाव्या शतकात दोन वेगळ्या वाटांनी झाला. एक वाट धानशेतीतून गेली आणि तिने हवेतील नत्राचा हिशेब मांडला. दुसरी वाट प्रयोगशाळेतून गेली आणि तिने जनुकांचे नियंत्रण शोधले. दुसऱ्या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या विकरांचा शोध, आपल्या पाठ्यक्रमांत जवळजवळ अनुल्लेखित राहिला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पहिल्या वाटेवर १९८०च्या दशकात जो प्रश्न अडला, त्याच्या उत्तराचा निम्मा भाग या दुर्लक्षित टप्प्यात आहे.

बांधीतील नत्राचा हिशेब

खत न घालताही धानाचे पीक वर्षानुवर्षे बऱ्यापैकी कसे येते, हा प्रश्न जुना आहे. त्याचे प्रयोगसिद्ध उत्तर पी. के. डे यांनी १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिले. भारतातील भातखाचरांच्या मातीत होणाऱ्या नत्र स्थिरीकरणाचे मुख्य कर्ते नील-हरित शैवाल आहेत, असे त्यांनी दाखविले. आदल्या वर्षी त्यांनी शैवालतज्ज्ञ एफ. ई. फ्रिश यांच्यासमवेत याच विषयावर ‘नेचर’मध्ये टिपण प्रसिद्ध केले होते. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात आर. एन. सिंह यांनी हा धागा उचलला. नील-हरित शैवालांच्या साहाय्याने ऊसर जमिनी सुधारता येतील, हे त्यांचे १९५०चे प्रतिपादन आणि भारतीय शेतीच्या नत्रव्यवहारावरील त्यांचा १९६१चा ग्रंथ ही या अभ्यासाची दोन ठळक स्थळे होत. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी त्याला तंत्राचे रूप दिले. उथळ खड्ड्यात वा पत्र्याच्या ट्रेमध्ये माती, पाणी व थोडे सुपरफॉस्फेट घालून शैवाल वाढवावे, उन्हात वाळवून त्याचे पापुद्रे गोळा करावेत आणि रोवणीनंतर आठवडाभराने हेक्टरी १० किलो या प्रमाणात बांधीत टाकावेत, अशी ही साधी, घरच्या घरी करता येणारी पद्धत होती. एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्राचा लाभ होतो, असा आकडा त्या काळातील विस्तार-साहित्यात सर्वत्र आढळतो.

या तंत्राचा प्रसार झाला, मात्र त्याचे फलित एकसारखे आले नाही. कोठे उत्पादन वाढले, कोठे काहीच फरक पडला नाही. या विसंगतीचे स्पष्टीकरण शोधताना फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेशी संबंधित पिएर रोजर आणि त्यांचे सहकारी १९८७ साली एका अडचणीच्या निष्कर्षाला पोचले. त्यांनी निरनिराळ्या देशांतील भातमातींचे नमुने आणि शैवाल-खताचे नमुने घेऊन त्यांतील नत्र स्थिर करणाऱ्या जातींची मोजदाद केली. या जाती मातीत आधीपासूनच होत्या आणि बहुतेक ठिकाणी त्यांची संख्या बाहेरून टाकल्या जाणाऱ्या खतातील संख्येहून अधिक होती.

या निष्कर्षाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले नाही, असे आमचे मत आहे. जीव जर मातीत आधीच असेल, तर तो आणून टाकणे हा प्रश्नच उरत नाही. असलेला जीव कोणत्या परिस्थितीत काम करतो, कोणत्या परिस्थितीत थांबतो आणि किती वेळात थांबतो, हा खरा प्रश्न ठरतो. हा प्रश्न जनुकीय अभिव्यक्तीच्या नियंत्रणाचा आहे. पण १९८७ साली शेताच्या वाटेने जाणाऱ्यांपाशी त्याची साधने नव्हती आणि ज्यांच्यापाशी ती होती ते बांधीकडे पाहत नव्हते.

व्याख्येत असलेले, पण विसरलेले

प्रयोगशाळेच्या वाटेचा आरंभ साधारणतः १९६१ पासून धरला जातो. त्या वर्षी फ्रांस्वा जाकोब व जाक मोनो यांनी ऑपेरॉनची कल्पना मांडली आणि ब्रेनर, जाकोब व मेसेलसन यांनी संदेशवाहक आरएनएचे अस्तित्व प्रयोगाने दाखविले. जनुकातील माहितीची प्रत म्हणजे संदेश. त्या संदेशावरून प्रथिन बनते. आणि संदेश लिहिला जावा की नाही हे एक दमनकारी प्रथिन ठरविते. हे चित्र इतके सुबक होते की, पुढील पंचवीस वर्षे जनुकनियंत्रण म्हणजे प्रतिलेखनाचे नियंत्रण असे समीकरणच होऊन बसले. आजही पदवीच्या वर्गात लॅक ऑपेरॉन शिकविला की, विषय बहुधा तेथेच संपतो.

गंमत अशी की, संदेश अल्पायुषी असलाच पाहिजे ही अट मूळ कल्पनेतच होती. जीवाणू नव्या अन्नाला काही मिनिटांत प्रतिसाद देतो आणि अन्न संपताच तितक्याच लवकर थांबतो. जुने संदेश टिकून राहिले, तर हे थांबणे शक्य नाही. संदेशाचे मरण अशा रीतीने त्याच्या व्याख्येत होते. ते कोण घडवून आणतो आणि त्याचा वेग कोण ठरवितो, याची चौकशी मात्र मागे पडली. एखाद्या क्षणी पेशीत किती संदेश आहेत, हे लिहिण्याच्या वेगावर जितके अवलंबून असते तितकेच मोडण्याच्या वेगावरही असते. हे साधे गणित आहे. तरीही आरएनए मोडणारी विकरे पेशीतील सफाई कामगारच समजली गेली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेज या विकराचे आहे. १९५५ साली मारियान ग्रुनबर्ग-मानागो आणि सेव्हेरो ओचोआ यांनी ते शोधले, तेव्हा ते आरएनए तयार करणारे विकर म्हणून गाजले. ओचोआ यांना १९५९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे उमगले की, ते परीक्षानळीत आरएनए जोडत असले, तरी पेशीच्या आत त्याचे प्रमुख काम आरएनए टोकाकडून कुरतडण्याचे आहे. शोध खरा होता. त्याचा अर्थ लावण्यात त्या काळाचा कल उतरला होता. या विकराकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दोन नावे, एक जनुक

आरएनेज-ई या विकराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सेंट लुइस शहरी वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड आपिरिऑन यांच्या प्रयोगशाळेत ई. कोलाय जीवाणूचा एक उत्परिवर्तित वाण अभ्यासला जात होता. या वाणात ५एस रायबोसोमी आरएनए नीट कापून निघत नव्हता. बसंत घोरा व आपिरिऑन यांचा १९७८चा आणि तपन मिश्रा व आपिरिऑन यांचा १९७९चा निबंध यांतून, ही कापणी करणारे एक स्वतंत्र विकर आहे, हे निश्चित झाले. या विकराच्या प्रारंभिक अभ्यासात दोन भारतीय नावे पहिल्या स्थानी आहेत, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. विकराच्या जनुकाला आरएनई हे नाव मिळाले आणि ते रायबोसोमी आरएनए घडविणाऱ्या अवजारांच्या यादीत जमा झाले.

त्याच १९७९ साली जपानमध्ये ओनो व कुवानो यांनी ई. कोलायचाच एक वेगळा वाण वर्णिला. त्यात तापमान वाढविले की संदेशवाहक आरएनए नेहमीपेक्षा अधिक काळ टिके. त्या जनुकाला त्यांनी एएमएस असे नाव दिले. एक शोध आरएनए घडविण्याच्या खात्यात नोंदला गेला, दुसरा मोडण्याच्या. जवळजवळ बारा वर्षे ही दोन खाती स्वतंत्र राहिली. १९९० व १९९१ या दोन वर्षांत, मड, क्रिश व हिगिन्स यांच्यासह अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखविले की, आरएनई आणि एएमएस हे एकच जनुक आहे. घडविणारे आणि मोडणारे विकर एकच निघाले. १९९४ साली आजामेनॉन कार्पूसिस व सहकाऱ्यांना असे आढळले की, आरएनेज-ई पेशीत एकटे नसून वर उल्लेखिलेल्या पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेजसमवेत एका संकुलात असते. पहिले मधेच छेद देते, दुसरे तुटलेल्या टोकाकडून कुरतडत जाते.

जांभळ्या जीवाणूंचा पुरावा

संदेशाचा क्षय म्हणजे केवळ सफाई नव्हे, तर तेच नियंत्रण असू शकते, याचा ठोस पुरावा ई. कोलायपूर्वी प्रकाशसंश्लेषी जीवाणूंत मिळाला, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जांभळे जीवाणू प्रकाशावर जगतात हे थिओडोर एंगेलमान यांनी १८८०च्या दशकात पाहिले होते. हे जीवाणू प्राणवायू बाहेर न सोडता प्रकाशसंश्लेषण करतात, याचा रासायनिक उलगडा कॅलिफोर्नियात सी. बी. व्हान नील यांनी १९३१च्या सुमारास केला. १९५७ साली कोहेन-बाझीर, सिस्ट्रोम व स्टॅनियर यांनी या जीवाणूंतील रंगद्रव्याची निर्मिती प्राणवायू व प्रकाश यांच्या प्रमाणानुसार कमी-अधिक होते, हे मोजून दाखविले. प्राणवायू भरपूर असेल तर जीवाणू श्वसन करतो आणि रंगद्रव्य बनविणे थांबवितो. प्राणवायू घटला की प्रकाशसापळे उभारू लागतो.

या जीवाणूंच्या जनुकांना हात घालण्याचे साधन बॅरी मार्स यांनी १९७४ साली दिले. रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस या जातीत जनुके एका पेशीतून दुसऱ्या पेशीत वाहून नेणारे कण असतात, हा त्यांचा शोध. तोही सेंट लुइसमधलाच, मात्र दुसऱ्या विद्यापीठातला. आरएनेज-ई आणि प्रकाशसंश्लेषी जनुके यांचा अभ्यास एकाच शहरात, एकाच दशकात सुरू होता. दोहोंची गाठ पुढे फार दूर पडली.

ती गाठ स्टॅनफर्ड येथे स्टॅन्ली कोहेन यांच्या प्रयोगशाळेत पडू लागली. तेथील बेलास्को, बीटी व सहकारी यांचा १९८५चा निबंध या इतिहासातील मध्यवर्ती दस्तऐवज म्हणावा लागेल. प्रकाश टिपणारी प्रथिने आणि प्रकाशाचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या अभिक्रिया-केंद्राची प्रथिने यांची जनुके या जीवाणूत एकाच ओळीत, एकाच ऑपेरॉनमध्ये असतात आणि त्यांचा एकच लांब संदेश लिहिला जातो. पण पेशीला दोन्ही सारख्या संख्येने नको असतात. एका केंद्राभोवती प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांच्या अनेक जोड्यांचे कडे लागते. एकाच संदेशातून हे विषम प्रमाण कसे साधते? उत्तर संदेशाच्या असमान आयुष्यात होते. लांब संदेशाचा अभिक्रिया-केंद्राचा भाग काही मिनिटांत मोडतो. प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांचा भाग अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो, कारण त्याच्या टोकाशी आरएनएची घडी पडून बनलेले अडसर कुरतडणाऱ्या विकरांना थोपवितात. जो तुकडा अधिक जगतो, त्याच्यावरून अधिक प्रथिने बनतात. लिहिणारा एक, संदेश एक. फरक केवळ मरण्यात.

हे मोजण्याची पद्धत आमच्या विद्यार्थ्यांना समजण्याजोगी आहे. क्षयरोगावर दिले जाणारे रायफॅम्पिसिन जीवाणूंतील नवे प्रतिलेखन बंद पाडते. ते संवर्धनात घालावे, ठरावीक मिनिटांनी नमुने काढावेत आणि उरलेला संदेश मोजावा. निम्मा होण्यास लागलेला वेळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य.

याच प्रयोगशाळेत काम केलेल्या गाब्रिएले क्लुग यांनी पुढे जर्मनीत हा विषय जन्मभर चालविला. या लांब संदेशाची मोडतोड प्राणवायूच्या प्रमाणानुसार बदलते, हे त्यांनी १९९१ साली दाखविले. प्राणवायू वाढला की अभिक्रिया-केंद्राचा भाग अधिक वेगाने तुटतो. म्हणजे व्हान नीलनंतरच्या पिढीने रंगात पाहिलेला बदल अंशतः संदेशाच्या मरणवेगात होता. १९९५ साली त्यांच्या गटाने ही तोड करणारे विकर आरएनेज-ई सारखे असल्याचे सांगितले आणि २००१ साली रोडोबॅक्टरमधील संपूर्ण क्षयसंकुल वेगळे काढले.

नील-हरित जीवाणूंत

१९९६ साली जपानच्या काझुसा संस्थेने सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. कोणत्याही प्रकाशसंश्लेषी जीवाचा तो पहिलाच. दोनच वर्षांनी काबेर्दिन व सहकाऱ्यांनी त्यात आरएनेज-ईचा आप्त असल्याचे सिद्ध केले. त्याचा छेद देणारा अर्धा भाग ई. कोलायसारखाच होता, इतर विकरांना धरून ठेवणारा दुसरा अर्धा भाग मात्र जुळत नव्हता. त्यामुळे सायनोबॅक्टेरियात क्षयसंकुल बनतच नाही की काय, अशी शंका होती. २०१४ साली चीनमधील संशोधकांनी अॅनाबिना या प्रजातीत ती दूर केली. तेथेही आरएनेज-ई पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेजशी जोडलेले असते, केवळ जोडणीची खुंटी वेगळी, नऊ अमिनो आम्लांची. आणि ओचोआंच्या विकराची आणखी एक तऱ्हा. २००३ साली रोट, शुस्टर व सहकाऱ्यांनी दाखविले की, सिनेकोसिस्टिसमध्ये संदेशाच्या टोकाला शेपूट जोडण्याचे कामही हेच विकर करते. परीक्षानळीत त्याला जोडताना पाहणारे अगदीच चुकले नव्हते.

प्रकाशाशी थेट संबंध असलेला वाद पीएसबीए या जनुकाच्या संदेशाविषयी आहे. प्रकाशात झिजून सतत बदलावे लागणारे प्रथिन हे जनुक घडविते. १९९१ साली मोहम्मद व यान्सन यांनी सांगितले की, प्रकाशामुळे या संदेशाचा क्षय बदलतो, निर्मिती नव्हे, आणि अंधारात तो संदेश फार काळ टिकून राहतो. २००१ साली गणेश कुमार अग्रवाल व जपानी सहकाऱ्यांनी मायक्रोसिस्टिस या जातीच्या संदेशात असा एक छोटा भाग दाखविला की, जो अंधारात संदेशाला अस्थिर बनवितो. २००७ साली त्या जागी छेद देणारे विकर आरएनेज-ईच्या कुळातील असल्याचे पुढे आले. दोन्ही निष्कर्ष वरवर परस्परविरोधी आहेत. जाती, जनुकाच्या प्रती आणि अंधारात ठेवण्याची रीत यांतील भिन्नता लक्षात घेता, दोहोंपैकी एक खोटा ठरविण्याची घाई करू नये, असे वाटते. २०१२ साली साकुराई व सहकाऱ्यांनी आणखी एक पदर उलगडला : या संदेशाशी जुळणारा एक उलट आरएनए प्रकाशात तयार होतो आणि आरएनेज-ईच्या छेदस्थळावर पांघरूण घालतो.

महाराष्ट्रात या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारे काम तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. श्री कुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नत्र स्थिर करणाऱ्या अॅनाबिनाच्या जाती क्षारांच्या ताणाखाली ठेवून त्यांच्या प्रथिननिर्मितीचे बदलते चित्र मांडले. त्यांचा भगवत यांच्यासमवेतचा १९८९चा निबंध प्रथिनांच्या पातळीवरील होता. १९९०चा रॉबर्ट हॅसलकॉर्न यांच्यासमवेतचा निबंध आरएनएच्या मार्गाने थेट क्षारप्रेरित जनुकांपर्यंत गेला. किनारपट्टीच्या खारजमिनींत या जीवाणूंचा उपयोग करता येईल का, हेही त्यांनी व जे. थॉमस यांनी १९९७ साली तपासले. शेत आणि जनुक यांना एकत्र पाहणारी ही आपल्या राज्यातील मोलाची परंपरा आहे. तिचे क्षेत्र खाडीकाठ राहिले; वैनगंगेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्याच्या बांधीला तसा वाली मिळाला नाही.

पुन्हा बांधीत

आता बांधीतील परिस्थिती डोळ्यांपुढे आणावी. आषाढ-श्रावणात ढग येतात-जातात तसा पाण्यावरील प्रकाश मिनिटामिनिटाला बदलतो. दिवसा शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूने पाण्याचा पातळ थर भरून जातो, रात्री तो खालावतो. चिखलात थोडेसेच खाली गेले की प्राणवायू नसतोच. पुढे धान फुटव्यावर येऊन पाने दाटली की पाण्यावर सावली पडते. आणि मधेच एके दिवशी युरियाचा हात दिला जातो. त्यापासून काही दिवसांतच अमोनियम तयार होते आणि नत्र स्थिरीकरणाचे काम थांबते.

हे थांबणे किती वेगाने होते, याचा सर्वांत जुना अभ्यास प्रकाशसंश्लेषी नसलेल्या क्लेब्सिएला या जीवाणूत झाला. नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज विकराचे संदेश त्यात एरवी जीवाणूंच्या मानाने दीर्घायुषी असतात, हे कालुझा व हेनेके यांनी १९८१ साली मोजले. तयार नत्र किंवा प्राणवायू मिळताच या संदेशांचा क्षय वेगावतो, हे १९८२ व १९८६च्या निबंधांतून पुढे आले. नवे संदेश लिहिणे बंद करणे पुरेसे नसते. लिहिलेले मोडावेही लागतात. बांधीतील अॅनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा यांत ही मोडतोड कोणत्या वेगाने होते, हे जाणल्याशिवाय युरिया केव्हा द्यावा आणि किती हप्त्यांत द्यावा, म्हणजे शेवाळाचे काम कमीत कमी बुडेल, या प्रश्नाचे उत्तर अंदाजाचेच राहील. रोजर यांच्या मोजदादीनंतर अडलेला प्रश्न तो हाच.

येथे एक सावधगिरी नोंदविली पाहिजे. तलावाच्या कोपऱ्यात वा बोडीत तांबूस साय दिसली की ती जांभळ्या जीवाणूंचीच असे विद्यार्थी अनेकदा गृहीत धरतात. ती युग्लिनाची असू शकते, लाल पडलेल्या अॅझोलाची असू शकते, किंवा लोहजीवाणूंचा तेलकट तवंगही असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून नोंद करू नये. घोडाझरी, असोलामेंढा यांसारखे मोठे तलाव आणि शेकडो मामा तलाव, बोड्या यांतील पाण्याची अशी नोंद महिन्यागणिक ठेवणे हे महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. अर्धायुष्य मोजण्याचा टप्पा नंतरचा आणि तो मोठ्या प्रयोगशाळेच्या सहकार्यानेच होईल. पण मोजायला वाण हवेत. ते मिळविणे, शुद्ध करणे आणि कोणत्या गावच्या, कोणत्या बांधीतून, रोवणीनंतर कितव्या दिवशी घेतले याची नोंद ठेवून जतन करणे, हे त्याआधीचे काम आहे. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये एका छत्राखाली आली आहेत आणि सिंदेवाहीचे कृषी संशोधन केंद्र धानावरच काम करते.

आणखी एक गोष्ट. हरितलवके ही प्राचीन सायनोबॅक्टेरियाची वंशज आहेत, त्यामुळे हे विकर बांधीतील पाण्यापुरते मर्यादित नाही. अॅराबिडॉप्सिस या वनस्पतीवर २००८ ते २०१० या काळात झालेल्या प्रयोगांत हरितलवकातील आरएनेज-ई निकामी केल्यावर रोपे फिकट निघाली आणि साखर पुरविल्याखेरीज वाढू शकली नाहीत. लवकातील लांब संदेश त्यांत न कापलेलेच राहिले होते. पाण्यावरच्या शेवाळात आणि त्या पाण्यातून वर आलेल्या धानाच्या पानात एकाच कुळातील विकर आहे.